व्हिडिओ एडिटिंगसाठी परवडणारा डेस्कटॉप : आधी फुटेज तपासावे, मग संगणक निवडावा

व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक घ्यायचा म्हटले की बोलणे बहुधा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि बजेटचा मोठा हिस्साही तिथेच संपतो. गेमिंगसाठी केलेल्या याद्या समोर ठेवून संगणक जुळवला जातो आणि पहिले काम उघडल्यावर लक्षात येते की महागडे कार्ड जवळजवळ रिकामे बसले आहे, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर पोहोचला आहे आणि टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडण्याची पट्टी) तरीही अडखळते आहे. एडिटिंगचा भार सगळ्यांसाठी सारखा नसतो. आपल्या कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून कोणत्या जातीची फाइल बाहेर पडते आणि ती आपण कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, यावर तो ठरतो. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर पहिला अर्धा तास दुकानदाराच्या कोटेशनऐवजी स्वतःच्या फाइलींवर घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

फाइल संगणकाला का दमवते

फोर-के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तीन बाइट धरल्या, तर एक फ्रेम जवळपास २५ एमबीची होते आणि सेकंदाला ३० फ्रेम या हिशेबाने दर सेकंदाला साधारण ७५० एमबी माहिती तयार होते. एवढी माहिती मेमरी कार्डावर मावणार नाही, म्हणून कॅमेरा ती एच.२६४ किंवा एच.२६५ या कोडेकने, म्हणजे व्हिडिओ आक्रसण्याच्या पद्धतीने, दाबून लिहितो, एच.२६५ हाच एचईव्हीसी या नावानेही ओळखला जातो. कॅमेऱ्याने १०० एमबीपीएस बिटरेटने चित्रण केले असेल, तर कार्डावर सेकंदाला अवघे साडेबारा एमबी लिहिले जातात. उरलेले सारे चित्र प्रत्येक वेळी नव्याने उलगडण्याचे काम आपल्या संगणकाच्या माथी येते.

हे उलगडणे एडिटिंगमध्ये विशेष जड का जाते, तेही पाहण्यासारखे आहे. या कोडेकांत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम येते आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्या व पुढच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले, एवढेच नोंदवलेले असते. चित्रपट पाहताना फ्रेम क्रमाने येतात, त्यामुळे साधा फोनसुद्धा ते काम सहज करतो. एडिटर मात्र मध्येच उडी मारतो, मागे जातो, एकाच वेळी तीन क्लिप एकमेकांवर ठेवतो. आणि अशा प्रत्येक उडीला संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून हव्या त्या फ्रेमपर्यंतचा सगळा हिशेब करावा लागतो. फोर-के फाइल प्लेअरमध्ये सुरळीत चालते पण टाइमलाइनवर अडकते, ही नेहमीची तक्रार इथूनच येते.

आता आपल्या फाइलीची जात कशी ओळखायची ते पाहू. मीडियाइन्फो नावाचे छोटे, मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे आणि आपल्या नेहमीच्या कामातली एखादी क्लिप त्यात उघडावी. त्यात दिसणाऱ्या लांबलचक यादीतल्या पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : कोडेक, रिझोल्यूशन, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि फ्रेम रेटचा प्रकार. बिट डेप्थ, म्हणजे रंगाच्या छटा किती बारकाईने नोंदवल्या तो आकडा, ८ किंवा १० असेल. क्रोमा सबसॅम्पलिंगपुढे, म्हणजे रंगाची माहिती किती राखली आहे त्यापुढे, ४:२:० किंवा ४:२:२ असे लिहिलेले असेल. फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, हेही तिथेच कळते. फोनवरचे चित्रण पुष्कळदा बदलत्या फ्रेम रेटचे असते आणि त्यामुळे आवाज व चित्र यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. हा दोष कितीही महाग संगणक घेतला तरी जात नाही. अशी क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेटवर बदलून घेणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

प्रोसेसर आणि त्याच्या पोटातले डीकोडर

कागदावरची नोंद ‘एच.२६४, ८ बिट, ४:२:०’ अशी असेल तर काळजीचे कारण नाही, कारण गेल्या दहा वर्षांतला अंगभूत ग्राफिक्स असलेला जवळपास कोणताही प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड अशी फाइल स्वतःच्या हार्डवेअर डीकोडरने, म्हणजे खास उलगडण्यासाठीच असलेल्या भागाने, उलगडते. नोंद ‘एचईव्हीसी, १० बिट, ४:२:०’ अशी असेल, जशी पुष्कळ नव्या फोनच्या, अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांच्या आणि ड्रोनच्या फाइलींची असते, तर इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर किंवा एनव्हीडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून पुढचे कार्ड ती हाताळू शकते. खरी अडचण तिसऱ्या नोंदीची आहे : ‘एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२’. गेल्या काही वर्षांतले बरेच मिररलेस कॅमेरे हा पर्याय देतात, कलर ग्रेडिंगसाठी (चित्राच्या रंगछटा घडवण्यासाठी) तो उत्तम असतो आणि नेमक्या याच फाइलीपुढे महागडी यंत्रेही हात टेकतात.

या एका प्रकारासाठी इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असलेले क्विक सिंक हे व्हिडिओ उलगडणारे अंगभूत दालन फार मोलाचे ठरते. क्विक सिंक २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आहे, परंतु डेस्कटॉपवर ४:२:२ प्रकारची १० बिट एचईव्हीसी फाइल उलगडण्याची सोय २०२१ मधल्या अकराव्या पिढीपासून मिळाली. एनव्हीडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ४० मालिकेपर्यंत नव्हती. ती २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत आली, आणि तिथे एच.२६४ च्या ४:२:२ फाइलींचीही सोय झाली. एएमडीच्या रायझन ५००० आणि ७००० मालिकांतल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती नाही. म्हणजे अशा फाइली हाताळणाऱ्याने बाराव्या पिढीचा मध्यम किमतीचा कोअर आय५ घेतला आणि स्वतंत्र कार्ड अजिबात घेतले नाही, तरी टाइमलाइनवर फिरताना त्याला आरटीएक्स ३०६० लावलेल्या रायझनवाल्यापेक्षा अधिक सुख मिळू शकते. ग्राफिक्स कार्डाच्या आधी प्रोसेसरची निवड करावी, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटचे अक्षर नीट वाचावे. शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स बंद असते आणि त्याबरोबर क्विक सिंकही जाते. १२४००एफ हा १२४०० पेक्षा थोडा स्वस्त मिळतो आणि गेम खेळणाऱ्यासाठी ती बचत योग्यही असते; एडिटिंगसाठी मात्र ज्या भागाकरता इंटेल घ्यायचे, तोच भाग त्यातून काढलेला असतो. दुकानदार पुष्कळदा ‘एफ’ प्रकारच पुढे करतो, तेव्हा बिलावर पूर्ण नाव लिहून घ्यावे. आणखी एक बारकावा असा की आय५-१२४०० मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये मीडिया इंजिन (व्हिडिओ उलगडणारा भाग) एक असते, तर आय५-१२५०० मधल्या यूएचडी ७७० मध्ये दोन असतात. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फुटेज एकत्र चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो. तेराव्या पिढीतही १३४०० आणि १३५०० यांच्यात हेच अंतर आहे, शिवाय १३५०० मध्ये कोअर (एकाच वेळी वेगवेगळे काम करणारे प्रोसेसरचे भाग) १४ आहेत आणि १३४०० मध्ये १०.

कोअरच्या संख्येबद्दल फार खल करण्याची गरज नाही. सहा कोअर आणि बारा थ्रेड ही आजची किमान पायरी मानावी. आठ किंवा त्याहून अधिक कोअर परवडले तर एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणे) आणि प्रॉक्सी (फाइलींच्या हलक्या प्रती) बनवण्याचा वेळ कमी होतो. त्यापुढे मिळणारा वेग आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचे प्रमाण व्यस्त होत जाते. तेराव्या व चौदाव्या पिढीतल्या इंटेलच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरमधल्या मूळ आज्ञांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे या पिढ्यांचा प्रोसेसर घेतल्यास काम सुरू करण्यापूर्वी मदरबोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावे, आणि सेकंडहँड घेत असल्यास तो आधी कसा वापरला गेला याची चौकशी करावी.

४:२:२ चा प्रश्नच नसेल, तर एएमडीचा मार्ग तितकाच चांगला आहे आणि पुष्कळदा स्वस्तही पडतो. २०१६ मध्ये आलेल्या एएम४ सॉकेटचे (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे) मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम वापरून केलेली जोडणी कमी खर्चात होते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला डीडीआर५ लागते, पण तिथे पुढे नुसता प्रोसेसर बदलून वेग वाढवण्याची वाट मोकळी राहते. रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, ५६००जी मध्ये असते, आणि ७६०० मध्ये ते लहान असले तरी असते. स्वतंत्र कार्ड सुरुवातीला घ्यायचे नसेल, तर हा फरक लक्षात ठेवावा.

सॉफ्टवेअर कोणते, हेही आधीच ठरवावे

डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर बरेच अवलंबून असते. रंगसंगती, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणे), इफेक्ट हे सारे तिथेच चालते. त्याची मोफत आवृत्ती शिकणाऱ्यासाठी आणि छोट्या व्यावसायिकासाठीही पुरेशी आहे, परंतु तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. एक्सपोर्ट ३८४० गुणिले २१६० आणि सेकंदाला ६० फ्रेम यांपुढे जात नाही. लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही. आणि विंडोजवर हार्डवेअरच्या साहाय्याने होणाऱ्या डीकोडिंगचा पूर्ण लाभ प्रामुख्याने सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत मिळतो. स्टुडिओ एकदाच विकत घ्यावी लागते, दरमहा भाडे नसते. म्हणून रिझॉल्व्हवरच काम करायचे ठरले असेल, तर कार्डाची एक पायरी खाली उतरून उरलेल्या पैशांत स्टुडिओचा परवाना घेणे हा पुष्कळ वेळा अधिक शहाणपणाचा खर्च ठरतो. प्रीमिअर प्रो प्रोसेसर आणि क्विक सिंक यांचा चांगला उपयोग करून घेते, पण त्याचे भाडे चालूच राहते आणि ते बजेटात धरले पाहिजे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर मुख्यतः प्रोसेसरवर भार टाकतात, त्यामुळे ती वापरणाऱ्याने कार्डापेक्षा कोअरवर पैसे घालावेत.

ग्राफिक्स कार्ड

कट, शीर्षके, थोडी रंगदुरुस्ती आणि आवाज एवढेच काम असेल, तर प्रीमिअर किंवा शॉटकट यांसारख्या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र कार्डाशिवाय सुरुवात करणे अगदी शक्य आहे. मदरबोर्डावर जागा राखून ठेवावी आणि गरज सिद्ध झाल्यावर कार्ड घ्यावे. रिझॉल्व्हमध्ये ग्रेडिंग करणाऱ्याला मात्र कार्ड लागतेच, आणि तिथे कार्डाच्या वेगाइतकीच त्याच्यावरची मेमरी महत्त्वाची असते. फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शनसारखे इफेक्ट लावल्यावर चार जीबी मेमरी चटकन भरते आणि सॉफ्टवेअर मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन थांबते. सहा जीबी ही तडजोड, आठ जीबी हा योग्य आकडा आणि बारा जीबी ही चैन नसून दीर्घकाळ पुरणारी सोय आहे. याच कारणाने २०२१ मध्ये आलेले बारा जीबीचे आरटीएक्स ३०६० आजही सेकंडहँड बाजारात एडिटरसाठी विचार करण्याजोगे आहे, आणि इंटेलचे बारा जीबीचे आर्क बी५८० नव्यांमध्ये.

स्वस्त कार्डांत काही फसवे आहेत. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांत व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लिहिणारा भाग) मुळात दिलेलाच नाही आणि एव्ही१ हा नवा कोडेक उलगडण्याची सोयही नाही. गेमसाठी ती चालतील, पण एक्सपोर्ट करताना ती काहीच हातभार लावत नाहीत. एनव्हीडियाच्या जीटी १०३० मध्येही एन्कोडर नाही. जीटी ७१० सारखी कार्डे तर अंगभूत ग्राफिक्सपेक्षा मागे पडतात, तरीही ‘ग्राफिक्स कार्डासह’ या शब्दांच्या आधारे तयार संगणकांत ती सर्रास खपवली जातात. याउलट इंटेलचे आर्क ए३८० हे सहा जीबीचे छोटे कार्ड गेमिंगच्या चाचण्यांत सामान्य ठरते, पण एडिटरसाठी ते गुणी आहे : त्यात ४:२:२ प्रकारची १० बिट एचईव्हीसी उलगडण्याची आणि एव्ही१ मध्ये एन्कोड करण्याची सोय आहे. रायझन प्रोसेसर आधीच हाताशी असलेल्या व्यक्तीला संपूर्ण संगणक बदलण्याऐवजी हे कार्ड लावून अडचण सोडवता येते. आर्क कार्डांना पूर्ण वेग मिळण्यासाठी बायोसमध्ये रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी, सोय चालू असावी लागते, त्यामुळे फार जुन्या मदरबोर्डावर त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नयेत.

इंटेलचा प्रोसेसर आणि दुसऱ्या कंपनीचे कार्ड अशी जोडी असेल, तर एक गोष्ट स्वतः तपासावी. कार्ड लावले की अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधले ग्राफिक्स आपोआप बंद करतात आणि क्विक सिंक नाहीसे होते. बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स कायम चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडावा, मॉनिटरची केबल मात्र कार्डालाच जोडावी आणि विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसवावा. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही ग्राफिक्स वेगवेगळे दिसायला हवेत.

रॅम आणि साठवण

रॅमबद्दल थोडक्यात सांगता येते. सोळा जीबीवर एचडीचे काम नीट होते, फोर-केसाठी ३२ जीबी घ्यावी, आणि ६४ ची गरज मोशन ग्राफिक्सचे जड काम करणाऱ्यांनाच पडते. रॅमच्या पट्ट्या जोडीने घ्याव्यात, कारण एकच पट्टी लावल्यास प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच मार्ग मिळतो आणि अंगभूत ग्राफिक्स वापरणाऱ्या संगणकात त्याचा फटका लगेच दिसतो. चार खाचांच्या मदरबोर्डावर आठ-आठच्या दोन पट्ट्या लावून सुरुवात केली, तर पुढे आणखी दोन लावता येतात. एच६१० चिपसेटच्या बोर्डांत मात्र दोनच खाचा असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, त्यामुळे बोर्ड कोणत्या रॅमचा आहे हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात.

साठवणुकीचा हिशेब मात्र कागदावर करावा, कारण याच ठिकाणी अंदाज सर्वाधिक चुकतात. १०० एमबीपीएस बिटरेटचे एक तासाचे चित्रण ४५ जीबी जागा घेते. दोन कॅमेऱ्यांनी तीन तासांचा कार्यक्रम चित्रित केला, तर २७० जीबी झाले, आणि त्याची एक प्रत बॅकअप म्हणून ठेवली, तर ५४० जीबी. याच चित्रणाच्या प्रोरेस ४२२ या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये पूर्ण आकाराच्या प्रती केल्या, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या फोर-केला तासाला साधारण २२० जीबी लागतात. आपल्या महिन्याच्या कामाला हा हिशेब लावला की किती जागा लागेल, याचे उत्तर आपोआप मिळते.

वेगाच्या बाबतीत गैरसमज बरेच आहेत. वर सांगितलेल्या बिटरेटच्या तीन कॅमेऱ्यांच्या फाइली एकदम चालवल्या, तरी त्यांना सेकंदाला ४० एमबीसुद्धा लागत नाहीत. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत आणि चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत. म्हणजे दाबलेल्या कोडेकांच्या कामासाठी सर्वांत वेगवान एसएसडीवर जादा पैसे घालण्याने टाइमलाइन सुधारत नाही. तेच पैसे क्षमतेवर घालावेत. फिरत्या हार्ड डिस्कचा वाचण्याचा वेग कागदावर पुरेसा वाटतो, पण अनेक क्लिपमध्ये उड्या मारताना तिचे डोके सतत जागा बदलत राहते आणि प्रतिसाद मंदावतो, म्हणून चालू काम एसएसडीवर आणि संपलेले काम हार्ड डिस्कवर ही विभागणी उत्तम. शक्य असल्यास दोन एसएसडी घ्याव्यात : विंडोज, सॉफ्टवेअर आणि कॅशसाठी (तात्पुरत्या फाइलींसाठी) एक, चालू फुटेजसाठी दुसरी. मदरबोर्ड निवडताना एम.२ च्या (एनव्हीएमई एसएसडी बसवण्याच्या) दोन खाचा असलेला घ्यावा, तो यासाठीच.

स्वस्त एसएसडींमध्ये क्यूएलसी प्रकारची मेमरी असते. थोडी माहिती लिहिताना ती वेगवान भासते, पण दोनशे-तीनशे जीबी फुटेज एका दमात उतरवताना तिची कॅश भरते आणि वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. फुटेजसाठी टीएलसी प्रकारची एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्कमध्येही एसएमआर आणि सीएमआर असे प्रकार असतात. सलग लिहिण्यासाठी सीएमआर चांगली.

खर्च कमी करणारी युक्ती : प्रॉक्सी

संगणक लहान असला, तरी मोठे काम होऊ शकते, कारण मूळ फाइलींऐवजी त्यांच्या हलक्या प्रतींवर एडिटिंग करता येते. या प्रतींना प्रॉक्सी म्हणतात. फोर-के क्लिपच्या अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनच्या, डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सी अशा कोडेकमधल्या प्रती सॉफ्टवेअर स्वतः बनवते. या कोडेकांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलेली असते, त्यामुळे मागे-पुढे उड्या मारताना संगणकाला आधीच्या फ्रेमचा हिशेब करावा लागत नाही. कट पूर्ण झाला की एका कळीने मूळ फाइली परत जोडल्या जातात आणि एक्सपोर्ट पूर्ण गुणवत्तेत होते. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो. ते काम रात्री लावून ठेवता येते. ज्याची मुदत दोन-तीन दिवसांची असते, त्याने ही सवय लावून घेतली, तर बजेटची एक संपूर्ण पायरी वाचते. ज्याला सकाळचे चित्रण दुपारी द्यायचे असते, त्याला मात्र प्रॉक्सीसाठी थांबता येत नाही आणि हार्डवेअर डीकोडर त्याच्यासाठी अनिवार्य ठरतो. आपण यांतले कोण, हे प्रामाणिकपणे ठरवावे.

सेकंडहँड ऑफिस संगणक

कचेऱ्यांमधून बाहेर पडलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर हे संगणक दणकट असतात आणि अगदी कमी पैशांत मिळतात. सुरुवात करणाऱ्यासाठी हा मार्ग मला मनापासून योग्य वाटतो. फक्त पारखून घ्यावे. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नये. आठव्या पिढीतला आय५-८५०० सहा कोअरचा आहे आणि आय७-८७०० सहा कोअर व बारा थ्रेडचा. दोघांपैकी दुसरा मिळाला तर बरा.

त्यानंतर डबा उघडून पाहावा. या संगणकांचे अगदी छोटे, पुस्तकाएवढे प्रकार टाळावेत, कारण त्यांत कार्ड बसतच नाही. मधल्या आकाराच्या डब्यांत अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. उभा टॉवर मिळाला तर पूर्ण कार्ड बसेल, पण एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) पुष्कळदा कंपनीच्या खास जोडणीचा, मोजक्या वॅटचा असतो आणि त्याला कार्डासाठीची जादा वायर नसते. कार्डाची खाच स्वतः ७५ वॅटपर्यंतच वीज देते. म्हणून जादा वायर न लागणारे कार्ड निवडावे : ७० वॅटचे सहा जीबीचे आरटीएक्स ३०५०, किंवा आर्क ए३८० ची जादा जोडणी न लागणारी मॉडेल. आरटीएक्स ३०५० आठ जीबीतही मिळते, पण त्याला जादा वायर लागते. नाव एकच असल्याने इथे गफलत होते. मूळ हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि रॅम वाढवणे हा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

मॅक मिनी

२०२४ च्या एम४ मॅक मिनीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्यातले मीडिया इंजिन एच.२६४, एचईव्हीसी आणि प्रोरेस या तिन्ही कोडेकांना हार्डवेअरची मदत देते, सर्वांत खालच्या मॉडेलमध्येही १६ जीबी मेमरी आहे आणि यंत्र जवळजवळ आवाज करत नाही. एकाच कॅमेऱ्याचे फोर-के काम करणाऱ्याला तेवढे पुरते. मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि खालच्या मॉडेलमधली २५६ जीबी साठवण फुटेजसाठी अपुरी पडते, म्हणून वेगवान बाह्य एसएसडीचा खर्च आधीच धरावा. हळूहळू भाग बदलत संगणक वाढवत नेण्याची ज्याची पद्धत आहे, त्याने मात्र विंडोजचाच डेस्कटॉप घ्यावा.

उरलेले भाग

एसएमपीएसवर काटकसर करू नये. मध्यम कार्डाच्या संगणकाला ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, नावाजलेल्या कंपनीचा ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस पुरतो आणि पुढचे कार्डही सांभाळतो. कॅबिनेटमध्ये दिव्यांपेक्षा जाळीदार दर्शनी भाग आणि दोन पंखे पाहावेत, कारण एक्सपोर्ट करताना प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भारावर चालतो आणि गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. वीज अवचित जात असेल, तर यूपीएस घ्यावा. लिहीत असताना बंद पडलेली डिस्क पूर्ण प्रकल्प खराब करू शकते.

मॉनिटर आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी रंगपट जवळजवळ पूर्ण दाखवणारा घ्यावा. बहुतेक व्हिडिओ ज्या रेक. ७०९ मानकात बनतात, त्याचे मूळ रंग एसआरजीबीचेच आहेत, त्यामुळे यापुढच्या रंगपटासाठी सुरुवातीला पैसे घालण्याचे कारण नाही. मॉनिटर फोर-के असण्याचीही गरज नाही; २४ इंची एचडी किंवा २७ इंची १४४०पी मॉनिटरवर फोर-के काम व्यवस्थित होते. एसआरजीबीपेक्षा बराच कमी रंगपट दाखवणाऱ्या मॉनिटरवर केलेले ग्रेडिंग मात्र दुसऱ्याच्या पडद्यावर वेगळेच दिसते, म्हणून सर्वांत स्वस्त मॉनिटर टाळावा.

पैसे ठरवताना माझा क्रम असा आहे : आधी आपली फाइल उलगडणारा प्रोसेसर, मग ३२ जीबी रॅम, मग फुटेजसाठी वेगळी एसएसडी, बॅकअपसाठी हार्ड डिस्क आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड. रिझॉल्व्हवर ग्रेडिंग करणाऱ्याने कार्ड दुसऱ्या क्रमांकावर आणावे आणि रॅम तात्पुरती सोळा जीबीवर ठेवावी, कारण रॅम नंतर सहज वाढते.

संगणक ताब्यात घेताना

दुकानात जाताना आपल्या खऱ्या कामातल्या तीन-चार क्लिप पेन ड्राइव्हवर न्याव्यात. संगणक जुळवून झाला की बायोसमध्ये रॅमचा घोषित वेग चालू केला आहे का, ते पाहावे. इंटेलच्या बोर्डावर या सोयीला एक्सएमपी आणि एएमडीच्या नव्या बोर्डावर एक्स्पो म्हणतात, आणि ती सुरुवातीला बंद असते. मग आपले सॉफ्टवेअर उघडून क्लिप टाइमलाइनवर ठेवाव्यात, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात ग्राफिक्स निवडावे आणि व्हिडिओ डीकोड हा आलेख पाहत क्लिप चालवावी. आलेख वर गेला आणि प्रोसेसरचा भार कमी राहिला, तर हार्डवेअर डीकोडर काम करतो आहे. आलेख तळाशीच राहिला आणि प्रोसेसर शंभरावर गेला, तर ड्रायव्हर, बायोसमधला अंगभूत ग्राफिक्सचा पर्याय आणि सॉफ्टवेअरमधले हार्डवेअर डीकोडिंगचे सेटिंग या तीन गोष्टी त्याच क्रमाने तपासाव्यात. शेवटी दहा मिनिटांची टाइमलाइन एक्सपोर्टला लावावी, ती चालू असताना एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचे तापमान नव्वद अंशांच्या खाली राहते का ते पाहावे, आणि तेवढे झाल्यावरच प्रत्येक भागाचे पूर्ण नाव व सिरियल नंबर लिहिलेले बिल घेऊन संगणक घरी आणावा.